'थेरपी फुकट, लोकच येत नाहीत' म्हणे!

वडाळ्याची आशाताई:
परवा इथे कुणीतरी दिव्यांगांच्या शिबिराचा फोटो टाकून लिहिलं: 'तीनचाकी सायकल फुकट म्हटली की पहाटेपासून रांग. फिजिओथेरपीही फुकट आहे, तिकडे झोपडपट्टीतलं कुणी फिरकत नाही. गरिबीपेक्षा आळस मोठा.' दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

आमच्या गल्लीत सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूच्या इजेमुळे हातपाय ताठरतात तो) नऊ वर्षांचा मुलगा आहे. आई चार घरची धुणीभांडी करते. थेरपी आठवड्यातून तीनदा, सकाळी ११ला. म्हणजे तीन खाडे. रिक्षाला जाऊन-येऊन २०० रुपये. महिनाभर तिने रेटलं, दोन घरची कामं सुटली, मग थेरपी सुटली. आता पोराच्या टाचा टेकत नाहीत, पायाला आधार देणारा कॅलिपर चढत नाही. आळशी कोण, ते सांगा.

गंगापूररोडकर:
फोटो मीच टाकला होता. मी त्या शिबिरात दिवसभर राबलोय, ताई. वाटलेली सायकल दोन महिन्यांत भंगारवाल्याकडे पाहिलीय. आणि बोगस दाखल्यांचं काय? धडधाकट माणसं बहिरी म्हणून नोकरीला लागतात. आधी ते धरा.

सातपूरचा फिटर:
आलीच गाडी बोगसवर! माझ्या भावाची पॉवर प्रेसखाली तीन बोटं गेली. ठेकेदाराने ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, नावच लावलं नव्हतं. असतं तर तिथल्या तक्त्यात तीन बोटं म्हणजे ३० टक्के कमाईची ताकद गेली असं तरी धरतात. अपंगत्वाच्या दाखल्याच्या बोर्डाने ४० टक्क्यांच्या आत बसवला. ना पेन्शन, ना आरक्षण. तुमच्या बोगसवाल्यांमुळे डॉक्टर आता खऱ्यालाही चोरासारखं तपासतात.

गंगापूररोडकर:
म्हणजे माझंच म्हणणं झालं ना! बोगस हटवा, खऱ्याला मिळेल.

सातपूरचा फिटर:
मग हटवा की. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बोगसवाल्यांसाठी कलम ९१ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. त्या बहिऱ्याची तक्रार केलीत?

गंगापूररोडकर:
नात्यातला आहे. आणि मला कायदा शिकवू नका.

सातपूरचा फिटर:
😂 राहू द्या.

पंचवटीचा फिजिओ:
बोगस पुरे. कडू बोलतो, लोक येत नाहीत हे खरंच आहे. चौदा वर्षं बघतोय. पाय कापल्यावर उरलेला भाग पहिले काही महिने आकसत जातो, जयपूर फूटचा सॉकेट, म्हणजे पाय बसतो तो साचा, ढिला पडतो, बदलून घ्यावा लागतो. पेशंट पुन्हा येतच नाही, पायात चिंध्या कोंबून चालतो आणि जखम झाली की उगवतो. मीही ओरडायचो. एकदा पेठ गावच्या एका बाबांनी दिवसाचा हिशेब मांडला: एसटी, सोबतचा माणूस, दोघांची बुडालेली मजुरी. नंतर नाही ओरडलो. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५००चे २५०० झाले, चांगलंच आहे; पण तेवढ्यात घर चालवायचं की खेपा करायच्या? महापालिकेला उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्चायचाच असतो. त्यातून रिक्षाभाडं द्या, मग आळस मोजू.

गंगापूररोडकर:
बरं बाबा, 'आळस' मागे घेतला. सायकलींचं घेणार नाही. आणि ताई, वडाळ्यातून २०० जरा जास्तच सांगताय.

वडाळ्याची आशाताई:
सोमवारी साडेदहाला चौकात या. पोराला उचलून रिक्षात बसवा आणि भाडं तुम्हीच ठरवा.