गल्लीतील जलवाहिनी आणि मलवाहिनी एकाच वेळी बदलणार आहेत; घरातील माणसांनी कशाकडे लक्ष ठेवावे?

अंगणवेल (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गल्लीतील पिण्याच्या पाण्याची मुख्य वाहिनी आणि सांडपाण्याची मुख्य वाहिनी या दोन्ही पुढील महिन्यापासून बदलण्यात येणार असल्याची सूचना आम्हाला मिळाली आहे. काम चार महिने चालेल, या काळात पाणीपुरवठा अधूनमधून बंद राहील आणि वाहने गल्लीबाहेर उभी करावीत, एवढाच मजकूर त्या सूचनेत आहे. जुनी जलवाहिनी बिडाची असून गेल्या दोन वर्षांत ती तीन वेळा फुटली. जोराचा पाऊस झाला की चेंबरचे झाकण उचलले जाऊन घाण पाणी रस्त्यावर येते. त्यामुळे हे काम व्हायला हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझी काळजी वेगळी आहे. आम्ही तळमजल्यावर राहतो. आई वॉकरच्या आधाराने चालते आणि तिला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी न्यावे लागते. त्यातील एकही फेरी चुकवून चालत नाही. दारासमोर चर खोदला गेल्यावर तिला बाहेर कसे न्यायचे, दोन्ही वाहिन्या उघड्या असताना सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळण्याचा धोका कितपत असतो, नव्या वाहिनीचे पाणी पिण्यायोग्य झाले हे आम्ही कशावरून ओळखायचे, आणि मुख्य वाहिनी नवी होत असताना तिच्यापासून घरापर्यंत येणारी आमची जुनी नळी तशीच ठेवावी की बदलावी, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

समतल

ताई, मी तीस वर्षे पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाच्या कामांवर अभियंता होतो. आपण विचारलेल्या गोष्टींकडे वळण्यापूर्वी दोन्ही वाहिन्या एकत्र का बदलतात, ते सांगतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात.

मलवाहिनी उतारावर वाहते, म्हणून ती बहुधा खोल असते. जलवाहिनीत दाब असतो, त्यामुळे ती वरच्या थरात टाकता येते. खोल चर खणला की शेजारच्या जुन्या बिडाच्या पाइपाखालची माती सैल होते आणि ठिसूळ झालेला तो पाइप आधार सुटताच तडकतो. म्हणून केवळ मलवाहिनी बदलायची ठरवली, तरी जुनी जलवाहिनी त्या कामात टिकेल याची खात्री नसते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जलवाहिनीत दाब असतो तोवर पाणी फटींतून बाहेर गळते, आत काही येत नाही. परंतु पुरवठा बंद झाला किंवा वाहिनी फुटून दाब नाहीसा झाला, की त्याच फटींतून आजूबाजूच्या मातीतील पाणी आत ओढले जाते. ती माती गळक्या मलवाहिनीने भिजलेली असेल, तर काय आत येते हे वेगळे सांगायला नको. 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील ज्या पंपाच्या पाण्यातून कॉलरा पसरला, त्याच्या विहिरीलगतच्या घरातील मैलाकुंडाचे विटांचे अस्तर खचलेले होते. पाणी आणि मैला यांच्यामध्ये केवळ काही हात माती असणे पुरेसे नसते. म्हणूनच दोन वाहिन्यांमध्ये आडवे अंतर 3 मीटर ठेवावे, आणि अरुंद जागेत ते शक्य नसेल तर जलवाहिनी मलवाहिनीच्या माथ्यापासून किमान 450 मिलिमीटर वर असावी, असा संकेत अनेक ठिकाणच्या नियमांत आढळतो. आपल्या गल्लीत जुन्या वाहिन्या कशा टाकलेल्या आहेत ते मला ठाऊक नाही, परंतु नव्या कोठे असतील हे दाखवणारा नकाशा मागण्याचा रहिवाशांना पूर्ण हक्क आहे, आणि तो मागावा.

आता पाण्याविषयी. नवी जलवाहिनी टाकल्यावर आधी तिच्यात पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाबाखाली गळतीची चाचणी घेतात. मग ती वेगवान प्रवाहाने धुतात आणि क्लोरीनयुक्त पाणी भरून ठेवतात. लिटरला 25 मिलिग्रॅम क्लोरीन आणि किमान 24 तास, हे त्याचे एक प्रचलित प्रमाण आहे. हे पाणी पिण्याचे नसते, ते पूर्ण काढून टाकावे लागते. त्यानंतर नमुने प्रयोगशाळेत जातात आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू मुळीच आढळू नयेत, अशी अट असते. जिवाणू वाढवून पाहायचे असल्यामुळे या तपासणीला साधारण एक दिवस लागतोच. सकाळी वाहिनी जोडली आणि संध्याकाळी पाणी पिण्यास योग्य असल्याचे कोणी सांगितले, तर कोणत्या नमुन्यावरून, हे अवश्य विचारावे. पाणी स्वच्छ दिसते हा पुरावा नव्हे. उलट, सुरुवातीला ते तांबूस दिसले तर बहुतेक वेळा तो प्रवाह बदलल्याने सुटलेला गंज असतो. तो दिसायला वाईट असला, तरी अदृश्य जंतूंइतका घातक नसतो.

घराच्या नळीबाबत माझे मत स्पष्ट आहे: शक्य असल्यास याच वेळी बदलावी. नंतर स्वतंत्र खोदाई करणे कष्टाचे आणि खर्चाचे होते. ती नळी शिशाची असेल तर विचार करत न बसता ती बदलावीच. शिसे राखाडी आणि मऊ असते, नाण्याने खरवडल्यास चकाकते आणि त्याला चुंबक चिकटत नाही. अशा नळीचा अर्धाच भाग बदलला तर कापाकापीमुळे आतला थर हलून पाण्यातील शिशाचे प्रमाण काही काळ वाढू शकते, आणि पाणी उकळून ते जात नाही. वाहिनीपासून घरापर्यंतचा कोणता भाग पाणीपुरवठा यंत्रणेचा आणि कोणता आपला, याची रेषा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. ती कागदावर पाहून घ्यावी.

उंबरा

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, पण त्यात एका गोष्टीची भर घालणे मला आवश्यक वाटते, कारण तिचा त्रास आम्ही सोसला आहे. मुख्य वाहिनी कशी टाकली जाते याकडे सर्वांचे लक्ष असते. आपले घर तिला नीट जोडले गेले की नाही, हे मात्र कोणी पाहत नाही.

आमच्या घरातून सांडपाण्याच्या दोन नळ्या बाहेर जात होत्या. एक संडासाची, जी चेंबरात येत होती आणि नकाशावर होती. दुसरी मागच्या मोरीची. ती फार जुनी होती, कोणत्याही चेंबरात न येता जमिनीखालूनच मुख्य वाहिनीला मिळत होती, आणि तिची नोंद कोठेही नव्हती. जुनी वाहिनी काढताना ती नळी तुटली आणि चर बुजवला गेला. कंत्राटदाराच्या माणसांना ती दिसली नाही की दिसूनही त्यांनी दुर्लक्ष केले, हे मला आजही सांगता येणार नाही. पहिले काही दिवस पाणी जात राहिले, कारण नव्या भरावातील सैल माती ते शोषून घेत होती. तिसऱ्या आठवड्यात मागच्या भिंतीला जोत्याजवळ ओल आली, मग दुर्गंधी सुटली, आणि अखेरीस मोरीत पाणी तुंबू लागले. नुकताच पक्का केलेला रस्ता आमच्यासाठी पुन्हा फोडावा लागला. तोपर्यंत सर्व शेजारी आम्हालाच दोष देत होते, आणि त्याचे दुःख ओलीपेक्षा अधिक होते.

म्हणून, ताई, काम सुरू होण्यापूर्वी घरातील प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये आणि संडासात वेगवेगळ्या वेळी रंग मिसळलेले पाणी ओतून ते कोणत्या चेंबरात कधी येते हे स्वतः पाहावे. एखाद्या ठिकाणचा रंग कोठेच दिसला नाही, तर तीच आपली हरवलेली नळी आहे असे समजून कामावरील अभियंत्याला लेखी कळवावे. जोडणी झाल्यावर, पण चर बुजवण्याआधी, हीच चाचणी पुन्हा करावी. घराच्या भिंती, फरशी आणि कुंपण यांची छायाचित्रेही आधीच काढून ठेवावीत. एखादा तडा जुना की नवा, यावर नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो.

ओलावा

एक शंका विचारतो. हल्ली न खोदता, जुन्या पाइपाच्या आतूनच नवे अस्तर घालता येते असे वाचले आहे. मग वयस्कर माणसांच्या घरासमोर चार महिने चर उघडा ठेवण्याची गरजच काय? रहिवाशांनी एकत्र येऊन हा पर्याय का मागू नये?

समतल

मागावा, पण त्याच्या मर्यादा जाणून मागावा. राळेत, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवलेली नळी जुन्या मलवाहिनीत सोडून गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाशाने ती आतच कडक करण्याची पद्धत 1971 मध्ये लंडनमध्ये प्रथम वापरली गेली आणि आता ती चांगली रुळलेली आहे. मात्र असे अस्तर जुन्या पाइपाचाच आकार घेते. पाइप मध्येच खचून तेथे पाणी साचत असेल, उतार उलटा झाला असेल किंवा व्यास अपुरा असेल, तर अस्तराने यांपैकी काहीही सुधारत नाही. झाकणे उचलली जातात असे ताईंनी लिहिले आहे. ते व्यास किंवा उतार अपुरा असल्याचे लक्षण असू शकते, किंवा पावसाचे पाणी मलवाहिनीत शिरत असल्याचे. त्यामुळे आतून कॅमेरा फिरवून केलेल्या पाहणीचा अहवाल आधी मागावा आणि मग पद्धतीवर बोलावे. जुना पाइप आतून फोडत त्याच मार्गाने नवा ओढण्याचीही एक पद्धत आहे, परंतु तिच्यात प्रत्येक घराच्या जोडणीपाशी खड्डा खणावाच लागतो.

अस्तराचे काम झाल्यास एक काळजी घ्यावी. काही राळांतील स्टायरीन या रसायनाचा उग्र वास सांडपाण्याच्या नळ्यांमधून घरात येतो, आणि तो मुख्यतः कोरड्या पडलेल्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे मोरीखालच्या ज्या वाकड्या भागात साठलेले पाणी एरवी वास अडवते त्यातून, येतो. न वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक मोरीत आधी दोन तांबे पाणी ओतून ठेवावे. वास आलाच तर खिडक्या उघडून रुग्णाला बाहेर न्यावे आणि कामावरील माणसांना लगेच कळवावे.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुनी मलवाहिनी तोडल्यावर वरच्या भागातील सांडपाणी पंपाने तात्पुरत्या नळीतून पुढे नेतात. पंप बंद पडला तर ते पाणी सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे तळमजल्याच्या नहाणीतून वर येते. उलटा प्रवाह रोखणारी झडप याला अटकाव करते, पण ती मिटलेली असताना घरातील पाणीही बाहेर जाऊ शकत नाही, हे विसरू नये.

पायवाट

मी चाकाच्या खुर्चीवरील वडिलांना अशाच एका खोदकामातून सात महिने नेले-आणले आहे, म्हणून फक्त येण्याजाण्याबद्दल लिहिते. चरावर टाकलेली सुटी फळी हा रस्ता नव्हे. दोन्ही बाजूंना कठडा असलेला, न हलणारा आणि वॉकरचे चारही पाय एका वेळी मावतील एवढा रुंद साकव मागावा. चर साधारण दीड मीटरपेक्षा खोल असेल तर त्याच्या भिंतींना आधार दिला आहे की नाही, हेही पाहावे, कारण आधार नसलेली कड ढासळली तर आत काम करणाऱ्या मजुरांच्या जिवावर बेतते आणि साकवही खचतो. त्या मजुरांची काळजी आपणही घ्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

डायलिसिसचे वार आणि वेळा कामावरील माणसांना लेखी द्याव्यात. दारासमोरचा चर कोणत्या दिवशी खणायचा, हे दोन-तीन दिवस पुढेमागे करता येते. त्यांना आधी माहीत असेल तरच. रुग्णवाहिका गल्लीत कोणत्या टोकाने आणि कोठपर्यंत येऊ शकेल, हे दर आठवड्याला नव्याने विचारावे, कारण काम जसे पुढे सरकते तसे हे टोक बदलते.

अंगणवेल

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रंगाची चाचणी काल केली. संडास आणि न्हाणीघराचे पाणी चेंबरात आले, स्वयंपाकघराच्या बेसिनचे मात्र आले नाही. दोनदा ओतूनही आले नाही. उंबरा, आपण लिहिले नसते तर हे आम्हाला कधीच कळले नसते. आज कामावरील अभियंत्यांना भेटून ते लेखी दिले, आणि आमच्या भागातील खोदाई सुरू होण्यापूर्वी ती नळी शोधण्याचे त्यांनी मान्य केले आहे. डायलिसिसचे वारही त्यांनी नोंदवून घेतले. पाणी तपासणीचा अहवाल गल्लीच्या तोंडाशी लावण्याची विनंती आम्ही बारा घरांच्या सह्यांनी केली आहे. घरची नळी गंजलेल्या लोखंडाची निघाली, शिशाची नाही, तरीही ती बदलण्याचे ठरवले आहे.

एकच विचारायचे राहिले. नवा पुरवठा सुरू होईल त्या दिवशी घरात नेमके काय करावे?

समतल

मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा, कारण कोंडलेली हवा झटक्याने सुटल्यास जुन्या जोडांना हादरा बसतो. पाणी तापवण्याचे यंत्र बंद असू द्यावे आणि शुद्धीकरण यंत्राकडे जाणारी नळी मिटलेली ठेवावी, नाहीतर सुटलेला गंज त्यात जाऊन बसेल. नळांच्या तोंडाच्या जाळ्या काढून ठेवाव्यात, घरात नळी शिरते तेथून सर्वांत जवळचा थंड पाण्याचा नळ आधी सोडावा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत तो वाहू द्यावा. मगच पुढचे नळ एकेक करून सोडावेत. घरात साठवणीची टाकी असल्यास हे पहिले पाणी तिच्यात घेऊ नये. तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत आईंना आधी साठवलेले किंवा उकळलेले पाणीच द्यावे.