मदत हवी आहे: सहा मातृभाषांच्या गटाने मिळून घडवायच्या भाषेचे ध्वनी कसे ठरवावेत?

नमस्कार मंडळी,

आमचा एक छोटा ऑनलाइन गट आहे. मराठी, बंगाली, तमिळ, जपानी, स्पॅनिश आणि मँडरिन चिनी अशा सहा मातृभाषांची माणसं मिळून एक नवी भाषा घडवतो आहोत. पुढेमागे आपसातल्या गप्पा इंग्रजीऐवजी तिच्यातच मारायच्या, एवढाच उद्देश. शब्द तयार करायला लागण्याआधी ध्वनी पक्के व्हायला हवेत आणि तो मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं आहे. भाषाविज्ञान शिकलेले किंवा यातली एखादी भाषा घरी बोलणारे इथे असतील, तर त्यांच्याशी बोलायचं आहे.

पहिली अडचण माणसांची. ध्वनी मतदानाने ठरवायचे म्हटलं की प्रत्येकाला आपला लाडका ध्वनी हवा असतो. तमिळ मित्राला त्याचा 'ழ'च्या जागी येणारा जिभेला मागे वळवणारा ध्वनी, स्पॅनिश मैत्रिणीला थरथरता र, मला अर्थातच ळ. अशा बेरजेतून जी भाषा होईल ती आमच्यातल्या एकालाही पूर्ण बोलता येणार नाही. ळ तर मराठीतही सगळीकडे टिकलेला नाही, वऱ्हाडात डोळ्याचा 'डोया' होतो. म्हणून मी एकच कसोटी मांडली: जो फरक सहाही जणांना थोड्या सरावाने कानाने ओळखता येतो, तोच ठेवायचा. गटाला ती मान्य आहे.

तिच्यामुळे बरंच काम सोपं झालं. स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ. जपानी आणि स्पॅनिशमध्ये हेच पाच आहेत. ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. स आणि श वेगळे नाहीत, कारण स्पॅनिशमध्ये श नाही आणि बंगालीत बहुतेक ठिकाणी दोन्हींचा उच्चार शच होतो. ल आणि र मिळून एकच ध्वनी धरला आहे, ज्याला जसा जमेल तसा. जर्मनीच्या श्लायरने १८८० च्या सुमारास वोलाप्यूक भाषा रचताना चिनी लोकांचा विचार करून र जवळजवळ टाळला होता. पुढे १९३१ मध्ये आरी द योंग यांनी केलेल्या सुधारणेत तो परत आला. मला टाळण्यापेक्षा एकत्र करणं बरं वाटतं, त्यात कुणाचीच जीभ अडत नाही.

अक्षराची रचना: हवं तर आधी एक व्यंजन, मग एक स्वर आणि शेवटी हवा तर अनुस्वार. हा अनुस्वार अगदी मराठीसारखा. गंगा, चेंडू, पंप यांत लिहायला तोच टिंब, पण पुढच्या व्यंजनाप्रमाणे उच्चार बदलतो. जपानी सदस्याला हे लगेच कळलं, त्यांच्याकडेही असंच आहे.

खरी गाठ बसली आहे ती त-द पाशी. मराठी आणि बंगालीत त, थ, द, ध असे चार वेगळे. जपानी आणि स्पॅनिशमध्ये त आणि द असे दोन, म्हणजे घोष-अघोष भेद (उच्चारताना घसा घुमतो की नाही). मँडरिनमध्येही दोनच, पण तिथे भेद श्वासाचा आहे: त आणि थ. तमिळमध्ये तर मूळ शब्दांत त आणि द हे एकाच ध्वनीचे प्रकार, शब्दात कुठे आला त्यावर ठरणारे. आता आमच्या भाषेत अशा व्यंजनांच्या कठोर आणि मृदू अशा दोन रांगा ठेवल्या, तर साधा 'त' कुठल्या रांगेत? स्पॅनिश बोलणारी तो कठोर रांगेतला समजते, मँडरिन बोलणारा मृदू रांगेतला. एकच आवाज, दोन उलटे अर्थ.

मला सुचलेला तोडगा असा. दोन टोकं घ्यायची आणि मधला आवाज वर्ज्य करायचा. कठोर रांग म्हणजे फ, थ, ख (फ ओठ मिटून, 'फळ' मधला) आणि मृदू रांग म्हणजे ब, द, ग. साधे प, त, क कुणीच उच्चारायचे नाहीत. ऐकणाऱ्यांची सोय होते, पण बोलणाऱ्यांवर भार पडतो: स्पॅनिश मैत्रिणीला श्वास सोडून थ म्हणायला शिकावं लागेल, मँडरिनवाल्याला घसा घुमवून द म्हणायला. मोठ्या वयात यातलं काय लवकर जमतं? परदेशी लोकांना मराठी किंवा हिंदी शिकवणाऱ्यांनी हे जरूर सांगावं.

दुसरा पर्याय म्हणजे रांग एकच ठेवायची आणि प-फ-ब सगळं एक मानायचं. २००१ मध्ये आलेल्या तोकी पोना या घडवलेल्या भाषेत तसंच आहे. ९ व्यंजनं, ५ स्वर, घोष-अघोष भेद नाही. पण तिला शब्द लागतात सुमारे १२० च. आमच्या मसुद्यात प, त, क, म, न, स, ल, य, व, ह ही १० व्यंजनं, किंवा व्यंजनाविना स्वर, म्हणजे ५५ अक्षरं. अनुस्वारासह ११०. दोन अक्षरी शब्द १२,१०० बसतात. मृदू रांगही (ब, द, ग) घेतली तर १४० अक्षरं आणि १९,६०० शब्द. संख्या दोन्हीकडे पुरेशी आहे, म्हणून निर्णय संख्येवर न घेता कानावर घ्यावा असं मला वाटतं.

लोजबान या तर्काच्या आधारावर घडवलेल्या भाषेकडून एक नियम उचलायचा विचार आहे. तिथे मूळ शब्द पाडताना ब-प सारख्या जवळच्या ध्वनीनेच वेगळे ठरणारे दोन शब्द घेतले जात नाहीत. तसं केलं तर दोन्ही रांगा राहतील, भाषेला रंग येईल, पण त्यावर अर्थ टांगलेला नसेल. तमिळ मित्राने ग च्या जागी क म्हटलं तरी घोटाळा होणार नाही. यात काही तोटा दिसतो का?

जोडाक्षरांवर गटात दोन तट आहेत. मी नको म्हणतो. 'स्कूल' शब्दाचं काय होतं पाहा: उत्तरेत इस्कूल, जपानमध्ये सुकूरु, स्पॅनिश बोलणारा आधी ए लावणार. प्रत्येकाची डागडुजी वेगळी, मग शब्द ओळखायचा कसा? लोजबानमध्ये जोडाक्षर जड गेलं तर मध्ये एक पुसटसा, भाषेतल्या सहा स्वरांहून वेगळा स्वर घालायची मुभा आहे. प्रत्यक्ष बोलताना ती कुणी वापरली आहे का?

आणखी एक मदत. बंगाली, तमिळ, कोंकणी, अहिराणी घरी बोलणाऱ्यांनी 'थाबा, दाबा, दाफा, थाफा' हे घरातल्या कुणाला तरी पाठ करून ऐकवावं आणि डोळे मिटून कोणता शब्द होता ते विचारावं. ऐकणारा कुठे अडला ते इथे लिहा, त्याची मातृभाषाही लिहा. पुढच्या बैठकीत मी ते गटासमोर ठेवणार आहे.