उत्तर: 'कॉसमॉस' जुनी झाली का?

वर कुणीतरी म्हटलंय की १९८० ची 'कॉसमॉस' ही विज्ञानाची टीव्ही मालिका आता जुनाट वाटते, तिचे इफेक्ट्स तर फारच. इफेक्ट्सचं मान्य. पण मला सगळ्यात भावलेल्या प्रसंगाला इफेक्ट्स लागलेच नाहीत. पहिल्याच भागात मालिकेचे सूत्रधार, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन इजिप्तचा नकाशा हातात घेतात. त्यावर दोन इवलेसे स्तंभ, एक अलेक्झांड्रियाला, एक सायनीला (आजचं अस्वान). नकाशा सपाट धरला की दोन्हींच्या सावल्या सारख्या. मग ते तो हलकेच वाकवतात, आणि एकाची सावली गायब असताना दुसऱ्याची पडलेली दिसते. पृथ्वीची गोलाई अशी डोळ्यांसमोर उभी राहते! सावलीवरून निघणारा दोन स्तंभांमधला कोन साधारण सात अंशांचा, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन शहरांत अंतर ८०० किलोमीटर, म्हणून पृथ्वीचा परीघ त्याच्या पन्नासपट, ४०,००० किलोमीटर. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने हे सुमारे २२०० वर्षांपूर्वी काढलं होतं.

दहावा भागही जरूर बघा. त्यात सेगन तमिळनाडूतला पोंगल दाखवतात आणि ब्रह्मदेवाच्या ८६४ कोटी वर्षांच्या अहोरात्राबद्दल बोलतात. पूजेच्या संकल्पात गुरुजी 'श्वेतवाराहकल्पे' म्हणतात ना, तो कल्प म्हणजे त्यातला नुसता दिवस, ४३२ कोटी वर्षांचा.