मदत हवी आहे : हरतानाही खिलाडूवृत्ती टिकावी, यासाठी गटात काय करता येईल?

नमस्कार. पाच विरुद्ध पाच अशा एका ऑनलाइन खेळाच्या हौशी गटाचे काम मी दोन वर्षांपासून पाहतो. गटात सुमारे 40 खेळाडू आहेत आणि दर आठवड्याला आम्ही आपसांत सामने भरवतो. चीट (खेळात फसवणूक करून देणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला काढून टाकण्याचा नियम स्पष्ट असल्याने त्याबाबत मला फारशी चिंता नाही. अडचण आहे ती एकही नियम न मोडता होणाऱ्या वागण्याची. डाव हातचा जातो आहे असे दिसताच एखादा खेळाडू तळावर नुसता उभा राहतो, आणि जिंकणारा संघ सामना संपण्याआधीच 'जीजी' लिहून मोकळा होतो. 'चांगला खेळ झाला' असे सांगण्यासाठी असलेली ही दोन अक्षरे अशा वेळी टोमण्यासारखी बोचतात. लहानपणी आपण ज्याला रडीचा डाव म्हणत असू, तोच हा प्रकार आहे. मात्र तेव्हा समोरच्याचा पडलेला चेहरा दिसत असे, इथे केवळ टोपणनाव दिसते.

सुरुवातीला आम्ही अशांचे चॅट आठवडाभर बंद केले, पण परतल्यावर ते अधिकच कडवटपणे खेळू लागले. लीग ऑफ लिजेंड्स या ऑनलाइन खेळात 2012 साली सहखेळाडूंना मान देण्याची सोय आली, तर ओव्हरवॉच या दुसऱ्या खेळात 2018 पासून सामन्यानंतर चांगल्या वर्तनाची पावती देता येते आणि पावत्या मिळणे थांबले की खेळाडूची पातळी घसरते. त्या धर्तीवर सामन्यानंतर प्रत्येकाने चांगल्या वर्तनासाठी एका खेळाडूला मत द्यावे, अशी सोय आम्ही केली. काही आठवडे वातावरण खरोखर निवळले. पुढे मात्र मित्र मित्रांनाच मते देऊ लागले, आणि उरलेली मते सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याकडे जाऊ लागली. सपोर्ट म्हणून, म्हणजे सहखेळाडूंना मदत करण्याच्या भूमिकेत, खेळणाऱ्या एका मुलीने हरत चाललेल्या सामन्यात शेवटपर्यंत एका नवख्याला शांतपणे सांभाळून घेतले, तिला एकही मत मिळाले नाही. याचे मला फार वाईट वाटले, कारण त्यानंतर तीन आठवडे ती खेळायलाच आली नाही.

आता मत केवळ प्रतिस्पर्धी संघातील खेळाडूला द्यावे, असा विचार आहे. त्यामुळे आपसांतील देवाणघेवाण बऱ्याच अंशी थांबेल. परंतु संघाच्या व्हॉइस चॅटवर कोण कोणाला धीर देतो, हे प्रतिस्पर्ध्याला कसे कळणार? स्वतःच्या संघासाठी एक आणि प्रतिस्पर्धी संघासाठी एक अशी दोन्ही मते वेगळी ठेवून पाहिलेले कोणी येथे आहे का? सलग दोन सामने हरल्यावर दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती कितपत उपयोगी पडते?

याहून अवघड प्रश्न आमच्या सर्वांत कुशल खेळाडूचा आहे. तो चुकलेल्यांना सर्वांदेखत झापतो आणि नवी मुले त्याचेच अनुकरण करतात. त्याला काढावे असे मला वाटत नाही, कारण शिकवायला बसला की त्याच्याइतके नीट कोणी समजावत नाही. नवख्यांच्या सरावाची जबाबदारी त्याच्यावर सोपवावी, की आधी त्याच्याशी एकांतात स्पष्ट बोलावे? पुढील सामने महिनाभरात सुरू होतील. गट चालवणाऱ्यांनी आपले अनुभव, फसलेले प्रयोगसुद्धा, कृपया सविस्तर लिहावेत.