पडद्यावरचं वाचून दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे

तापीकाठ
जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांतल्या शाळांतही आता प्रोजेक्टर, स्मार्ट टीव्ही दिसतात. पण वर्गावरचे कित्येक तास पाहून जीव तुटतो. पुस्तकातला उतारा जसाच्या तसा स्लाइडवर, आणि सर पडद्याकडे तोंड करून तोच वाचतात. पोरं डोळ्यांनी वाचू लागतात, कानावर तेच शब्द वेगळ्या वेगानं पडतात आणि दोन्हींतलं एकही धड होत नाही. रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं प्रयोग करून हेच मांडलंय: चित्र आणि त्यावर बोलणं एवढं पुरे, बोललेलंच पुन्हा पडद्यावर लिहिलं की समज उलट घटते.

माझं म्हणणं, फळ्यावर जे काढता येत नाही तेवढंच पडद्यावर आणा. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी घ्या. अंडी, अळी, कोष, पतंग हे पाठ करून काय हाती लागतं? अळी शिरल्यानं गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं कपाशीचं फूल, म्हणजे डोमकळी, पडदाभर दाखवा. मग उकललेलं बोंड, आत एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या आणि मधे अळी. कापूसवाल्या घरची पोरं आपसूक बोलायला लागतात.

खडू-फळा
ताई, बोंडअळीचं पटलं. बाकी नाही पटत. मी तापीचं खोरं फळ्यावर काढतो. वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे आणि सातमाळ्याचे डोंगर, मग मुलताईहून पश्चिमेकडे रेघ. ओढता ओढता हात थांबवतो: "पूर्णा कुठं मिळेल रे?" कुणीतरी चांगदेव म्हणतं, कुणी भुसावळ. त्या थांबण्यातच तर शिकणं असतं. स्लाइडवर सगळ्या नद्या एका फटक्यात हजर.

तापीकाठ
सर, एकेक नदी क्लिकवर आणता येते की. आणि प्रश्न विचारताना कीबोर्डवरचं बी (B) हे अक्षर दाबा, पॉवरपॉइंटचा पडदा काळा होतो, पोरांचे डोळे तुमच्याकडे येतात. हे एवढंसुद्धा प्रशिक्षणात कुणी सांगत नाही, याचंच वाईट वाटतं.

खडू-फळा
क्लिकचा क्रम आदल्या रात्री घरी ठरलेला असतो, ताई. पोरानं मधेच "आधी गिरणा काढा, आमच्या गावाची" म्हटलं तर मी लगेच गिरणा काढतो. तुमची स्लाइड तिच्याच रस्त्यानं जाणार. शिवाय मी काढतो तसं पोरं वहीत काढतात, माझ्या हाताच्या वेगानं. तयार नकाशा ती नुसता बघतात.

सातपुड्याची वाट
मी धडगावकडे शिकवते. आमच्या लेकरांच्या घरी पावरी बोलतात, मराठी ती शाळेत शिकतात. पाठात बंदर आलं, जहाज आलं, तर मी खडूनं कितीही काढलं तरी समुद्र काही उभा राहत नाही. मी व्हिडिओ लावते, आवाज बंद करते आणि त्यांनाच सांगायला लावते काय चाललंय. आधी पावरीत, मग मराठीत.

पण तापीकाठ ताई, पडद्यावर अक्षरं नकोत हे आमच्याकडे चालत नाही. ऐकलेला मराठी शब्द लेकरांच्या कानातून निसटतो, लिहिलेला दिसला की धरून ठेवतात. मेयर यांच्या नियमालाही दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्यांसाठी अपवाद मानतात.

तापीकाठ
हे मान्य, मॅडम. मग चित्रालाच चिकटून एकेक शब्द लिहूया: जहाज, धक्का, शीड. माझा राग परिच्छेदांवर आहे. आणि खडू-फळा सर, गिरणेचा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. नकाशा फळ्यावरच काढावा.

खडू-फळा
मग निदान एवढं करा. बहुतेक ठिकाणी पडदा नेमका फळ्यावरच टांगलेला असतो. तो गुंडाळल्याशिवाय खडू उचलता येत नाही, म्हणून तासभर कुणी उचलतच नाही. पडदा बाजूच्या भिंतीवर घ्या. खिळे ठोकायला मी येतो.