भाचीला एलपी घ्यायची आहे : ग्लॅम रॉक की हेअर मेटल? (बजेट ३००० रु.)

मधुरा_को
नमस्कार मंडळी. भाची पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण करते. बेस गिटार वाजवते. माळ्यावर आजोबांचा सुटकेससारखा रेकॉर्ड प्लेअर सापडल्यापासून "एक तरी खरी एलपी हवी" असं चाललंय. कोणती, तर "मावशी, ग्लॅम काहीतरी आण." दुकानात विचारलं तर पहिल्याने चार नटलेल्या बायकांचे फोटो असलेली एलपी पुढे केली. नीट पाहिलं तर बायका नव्हेत, पॉयझन नावाचा बँड! दुसऱ्या दुकानात म्हणाले, ते ग्लॅम नाहीच, ते हेअर मेटल. ग्लॅम म्हणजे डेव्हिड बोवी. दोघेही अगदी ठाम. माझं ऐकणं किशोरीताई आणि कुमारजी, मला यातलं ओ की ठो कळत नाही. फरक काय, आणि घेऊ काय? ३००० च्या आत, एकच एलपी.

पार्लेकर_७१
दुसरा दुकानदार बरोबर. ग्लॅम रॉक म्हणजे ब्रिटन, १९७१ ते साधारण ७४-७५. टी. रेक्स बँडचा गायक मार्क बोलन मार्च १९७१ मध्ये डोळ्यांखाली चमकी लावून बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'वर उभा राहिला आणि पोरंपोरी वेडी झाली. पुढच्या वर्षी बोवीचा 'झिगी स्टारडस्ट' अल्बम. हेअर मेटल त्यानंतर दहा वर्षांनी, लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या क्लबांच्या रस्त्यावर. मधे अख्खं पंक होऊन गेलं.
भाच्याला टी. रेक्सचा 'इलेक्ट्रिक वॉरियर' घ्या, डोळे मिटून. माझ्याकडे फ्लाय लेबलची १९७१ची प्रत आहे. कितीला घेतली ते लिहीत नाही, हिचाही इथे आयडी आहे.

हेडबँगर_ठाणे
झालं, काका आले. १८ वर्षांच्या पोराला बोलनची ती ढिम्म गिटार ऐकवणार? वाजवणाऱ्याला वाजवणारे ऐकवा. १९७८ ला व्हॅन हेलनचा पहिला अल्बम आला आणि गिटारच्या पट्टीवर दोन्ही हातांनी टॅपिंग करायची लाट आली. हेअर मेटलमधला प्रत्येक गिटारवाला त्या शाळेतला. रॅट बँडचा 'आउट ऑफ द सेलर' (१९८४) घ्या. मी इम्पोर्टेड रंगीत व्हिनिल घेतली, साडेपाच पडले, पण वस्तू आहे.

मधुरा_को
साडेपाच हजार? बजेट ३००० आहे हो. आणि भाचा नाही, भाची.

न्यूजर्सीचा_नाना
आमच्या इथून सेरव्हिल २० मिनिटांवर, जॉन बॉन जोव्ही तिथलाच. त्याच्या बँडचा 'स्लिपरी व्हेन वेट' (१९८६) घ्या, प्रश्न मिटला. इथे गराज सेलमध्ये मला ३ डॉलरला मिळाली.

हेडबँगर_ठाणे
नाना, ३ डॉलरची रेकॉर्ड ठाण्याला कुरिअर करणार का?

न्यूजर्सीचा_नाना
दिवाळीत येतोय, घेऊन येईन. वाढदिवस कधी आहे?

तिसरी_घंटा
फरक विचारलाय, तो कुणीच धड सांगितलेला नाही. फक्त साल आणि गाव सांगून काय होणार? मधुराताई, तुम्ही किशोरीताई ऐकणाऱ्या, म्हणून कानाच्या भाषेत सांगते.
ग्लॅमचा पाया ५०च्या दशकातला रॉक अँड रोल. तीन-चार कॉर्ड, मध्यम लय, आणि ठेका असा की बाकावर बसल्या बसल्या पाय आपटावा. टाळ्या आणि बुटांचे आवाज मुद्दाम रेकॉर्ड केलेले असतात, स्लेड या ब्रिटिश बँडची गाणी ऐका म्हणजे कळेल. टी. रेक्सच्या गाण्यांत मागे चक्क व्हायोलिन-चेलो आहेत, ती निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीची करामत. सोलो असला तर छोटासा, तोही गुणगुणता येईल असा. सगळा डोलारा तीन-साडेतीन मिनिटांच्या ४५ आरपीएम सिंगलवर, म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकडीवर.
हेअर मेटलमध्ये हाच टाळ्याखाऊ कोरस राहिला, पण खालून हेवी मेटलची गिटार आली. स्नेअर ड्रम रिकाम्या गोदामात वाजवल्यासारखा. मधोमध गिटारचा वेगवान सोलो, जणू तराणाच. आणि प्रत्येक अल्बमवर एक तरी पॉवर बॅलड : सुरुवात हळवी, मग ड्रम कोसळतात, मग लोक लायटर पेटवतात. मोटली क्रूचं 'होम स्वीट होम' (१९८५) हा त्याचा नमुना.
पण मला खरा फरक रंगभूषेतला वाटतो. बोवीने लिपस्टिक लावली की बघणाऱ्याला प्रश्न पडायचा, हा पुरुष, बाई, की परग्रहावरचा? हा गोंधळ हाच त्याचा मुद्दा होता. हेअर मेटलवाले त्याहून दुप्पट मेकअप थापायचे, आणि गाणी मात्र सगळी मोटारसायकल, दारू आणि पोरींवर. चेहरा बाईचा, भाषा नाक्यावरच्या टवाळाची.

पार्लेकर_७१
+१. मी हेच म्हणत होतो.

हेडबँगर_ठाणे
तुम्ही फ्लाय लेबल म्हणत होतात काका.

सरबत_खास
केसांचा विषय निघालाच आहे तर. ११वीत असताना केस उभे करायला हेअरस्प्रेचे पैसे नव्हते, म्हणून साखरेचं घट्ट पाणी लावलं. डोळ्यांत आईचं काजळ. रंगभवनला कॉन्सर्ट होती, धोबीतलावला. डोंबिवलीहून निघालो तो राजासारखा. कुर्ल्यापर्यंत काजळ गालावर आणि मानेवर मुंग्या. भायखळ्याला शेजारचे काका उठून उभे राहिले, चौथी सीट सोडून! कॉन्सर्टमध्ये काय वाजलं ते आठवत नाही, खाजवणं आठवतं.
सल्ला : काहीही घ्या, साखर नको.

झांजिबारचा_भाऊ
सगळे परदेशात फिरताय, आपला पाचगणीचा पोरगा विसरलात. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच पहिला बँड केला. क्वीनचे सुरुवातीचे अल्बम, काळी नखं, सॅटिनचे झगे, १९७४चं 'किलर क्वीन', हे ग्लॅम नाही तर काय? महाराष्ट्रातल्या मुलीने तेच घ्यावं.

पार्लेकर_७१
क्वीन ग्लॅमच्या दारातून आत आले आणि मागच्या दाराने निघून गेले. त्यांना त्या खणात ठेवू नका.

झांजिबारचा_भाऊ
पाचगणीला गेला आहात का कधी?

पार्लेकर_७१
स्ट्रॉबेरी खायला. त्याचा इथे काय संबंध?

सुई_आणि_खाच
सगळे काय वाजवायचं ते सांगताय, कशावर ते कुणी विचारलं का? ताई, जुन्या सुटकेस प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असतं. त्याचा भार पाच-सहा ग्रॅमच्या घरात. हल्लीच्या चांगल्या प्लेअरवर सुई दीड-दोन ग्रॅमने टेकते. त्यात सुई झिजलेली असली तर नवी एलपी पाच-दहा वेळांत खरवडून निघेल. मी चुलत्यांच्या प्लेअरवर नवी कोरी रेकॉर्ड लावली होती, महिन्याभरात झांजेच्या जागी भजी तळल्याचा आवाज. आधी सुई बदला. ३००० मधले काही त्यात घाला आणि उरलेल्यात जुनी, वापरलेली प्रत घ्या. उजेडात तिरकी धरून पाहा. केसासारखे बारीक ओरखडे चालतात, नखाला लागतो तो चालत नाही.

मधुरा_को
हे फार कामाचं सांगितलंत, धन्यवाद. सुई खरंच १९८०च्या आसपासची असणार.

न्यूजर्सीचा_नाना
सुई मी आणतो.

तिसरी_घंटा
दुकानदारांच्या गोंधळाबद्दल राहिलं. पहिला अगदीच खोटं बोलला नाही. पॉयझन, सिंड्रेला वगैरे बँडना त्या काळी 'ग्लॅम मेटल' म्हणायचे. 'हेअर मेटल' हे चिडवायचं नाव नंतर चिकटलं. अमेरिकेत आजही कुणी नुसतं 'ग्लॅम' म्हटलं तर पुष्कळांना पॉयझनच आठवतो.
शिवाय नातंही आहेच. स्लेडचं 'कम ऑन फील द नॉइझ' १९७३ ला ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर. तेच गाणं दहा वर्षांनी लॉस एंजेलिसच्या क्वायट रायट बँडने केलं, अमेरिकेत पाचव्या नंबरपर्यंत गेलं, आणि त्यांचा अल्बम पहिल्या नंबरवर. एमटीव्हीला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झालेली. दोन्ही पाठोपाठ ऐकलीत की हा अख्खा धागा वाचायची गरज नाही. स्लेडचा गायक नॉडी होल्डर आरसे लावलेली उंच हॅट घालायचा, कच्छी घागऱ्यावर असतात तसे गोल आरसे. दिव्याचा झोत पडला की कवडसे थेट प्रेक्षकांत.

हेडबँगर_ठाणे
मधला दुवा म्हणजे दोन बँड, न्यूयॉर्क डॉल्स आणि फिनलंडचे हनोई रॉक्स. ते नसते तर सनसेट स्ट्रिपवर कुणी ओढण्या बांधल्याच नसत्या. आणि त्या स्ट्रिपचं लोकांना फार कौतुक, पण शेवटी शेवटी क्लबवाले बँडलाच तिकिटं विकत घ्यायला लावायचे. खपली नाहीत तर तुमचं नशीब. खांबाखांबावर पत्रकं चिकटवत फिरायचे बिचारे.

सरबत_खास
आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांसारखंच की.

कोरा_कागद
बेस वाजवते ना मुलगी? सूझी क्वाट्रो. डेट्रॉइटची, ब्रिटनमध्ये येऊन १९७३ ला नंबर एक. काळा लेदरचा सूट, स्वतः गाते, स्वतः बेस वाजवते.

पार्लेकर_७१
क्वाट्रो चांगली आहे, पण पहिली एलपी म्हणून 'इलेक्ट्रिक वॉरियर'च. भाच्याला नंतर कळेलच.

हेडबँगर_ठाणे
भाची हो काका, भाची.

नवा_सदस्य_४०९
डेफ लेपर्ड बँडबद्दल कुणीच बोललं नाही?

हेडबँगर_ठाणे
तो मेटल नाही, पॉप आहे.

पार्लेकर_७१
तो ग्लॅम तर नाहीच नाही. (या बाबतीत हेडबँगरशी एकमत, तारीख लिहून ठेवा.)

सुई_आणि_खाच
आणि त्यांचा 'हिस्टेरिया' अल्बम तासाभराहून मोठा आहे, तो १९८७ ला एकाच एलपीवर कोंबला. एका बाजूला अर्धा तास म्हणजे खाचा चिकटून चिकटून, आवाज बारीक, बेस पातळ. बेसवाल्या मुलीला तर मुळीच नको. घ्यायचाच तर नंतर निघालेली दोन तबकड्यांची आवृत्ती, पण ती बजेटबाहेर.

मधुरा_को
मंडळी, खरेदी झाली. शेवटी सरप्राइज सोडलं आणि भाचीलाच दुकानात नेलं. तुमची सगळी नावं कागदावर लिहून नेली होती. दुकानदाराने 'इलेक्ट्रिक वॉरियर' लावली, तिला आवडली. रॅटला हसली (सॉरी). क्वाट्रोचा फोटो मोबाइलमध्ये काढून घेतला. मग कोपऱ्यातल्या पेटीत जुनी 'हिस्टेरिया' सापडली, एका एलपीवालीच, कव्हरचा कोपरा कुरतडलेला, १४०० रुपये. तिने दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर वाचलं की यांच्या ड्रमरचा डावा हात अपघातात गेला आणि तो पायाने पेडल दाबून पुन्हा वाजवायला लागला. 'रॉकेट' लावायला सांगितलं. त्यात गायक एकामागून एक जुनी नावं घेतो, क्वीनचं 'किलर क्वीन', बोवीचं 'जीन जीनी'. ती म्हणाली, "मावशी, हे तर तुझ्या कागदावरचेच लोक." मग ती ऐकेना.
उरलेल्यात नवी सुई बसवली. बेस खरंच पातळ येतो. ती म्हणते बरंच आहे, माझा मी वर वाजवते.

पार्लेकर_७१
एवढं सगळं लिहून शेवटी डेफ लेपर्ड. असो. भाच्याला शुभेच्छा.

न्यूजर्सीचा_नाना
मी सुई घेतली की हो. आता काय करू?