कानाच्या नसेवरील गाठीची शस्त्रक्रिया झाली आहे. घरी डोळ्याची काळजी कशी घ्यावी?

प्रश्न : गंगापूर रोड, नाशिक

माझ्या सासूबाईंच्या (वय ६१) डाव्या कानाच्या नसेवरील गाठ, म्हणजे ॲकॉस्टिक न्यूरोमा, मुंबईत शस्त्रक्रिया करून काढली असून गेल्या आठवड्यात त्यांना नाशिकला घरी आणले. त्या कानाने पुन्हा ऐकू येणार नाही याची कल्पना आधीच दिली होती. परंतु चेहऱ्याची डावी बाजूही लुळी पडली आहे आणि डावा डोळा मिटत नाही, झोपेतही फट राहते. डिस्चार्ज कार्डावर थेंब आणि रात्रीचे मलम लिहिले आहे, मात्र नेमके कशावर लक्ष ठेवायचे हे कोणी समजावून सांगितले नाही. डोळा लाल दिसतो, पण विचारले की ‘अगं, मुळीच दुखत नाही’ असेच उत्तर मिळते. चालताना तोल जातो म्हणून त्या बहुतेक वेळ पलंगावरच असतात. त्यातच थंडीमुळे सर्दी झाली असावी. दोन दिवसांपासून खाली वाकल्या की नाकातून पाणी गळते.

उत्तर १ : परिचारिका, न्यूरोसर्जरी विभाग

ताई, डोळ्याचे इतरजण सांगतीलच. मी तुमच्या शेवटच्या वाक्याविषयी लिहिते, कारण ती सर्दी नसण्याची शक्यता आहे. या शस्त्रक्रियेत कानाजवळचे हाड उघडावे लागते आणि त्या हाडात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. मेंदूभोवतीचे पाणी त्या पोकळ्यांतून मधल्या कानात व तेथून घशाकडे जाणाऱ्या नळीने नाकात उतरू शकते, म्हणून कान कोरडा असूनही नाक गळते. हे पाणी स्वच्छ व पातळ असते, बहुधा एकाच नाकपुडीतून, वाकल्यावर थेंबथेंब पडते आणि काही रुग्णांना घशात खारट चव जाणवते. शेंबडासारखे रुमालावर वाळून कडक होत नाही.

शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना आजच फोन करा. तोपर्यंत डोक्याकडची बाजू सुमारे ३० अंश उंच ठेवा, नाक शिंकरू देऊ नका, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी, शौचाला जोर लावावा लागू नये याची काळजी घ्या आणि नाकात कापसाचा बोळा घालू नका. कोणी प्रेमाने लसणीचे कोमट तेल कानात घालायला सुचवील (आपल्याकडे सुचवतातच), तेही नको. ताप, मान ताठरणे, तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास फोनची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण याच वाटेने मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होतो.

उत्तर २ : नेत्रविभागातील परिचारिका

‘दुखत नाही’ या उत्तरावर मुळीच विसंबू नका. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी डोळा मिटणे सातव्या नसेकडे आहे, तर बुबुळाची संवेदना पाचव्या नसेकडे. गाठ मोठी असली की दोन्ही दुखावू शकतात. बुबुळ बधिर असेल तर त्यावर जखम होऊनही रुग्ण तक्रार करीत नाही. तेव्हा सासूबाईंना विचारण्याऐवजी रोज सकाळी व संध्याकाळी खिडकीजवळच्या उजेडात स्वतः पाहा : लाली वाढली आहे का, बुबुळाची चकाकी गेली आहे का, त्यावर पांढुरका ठिपका आहे का. उजवा डोळा झाकून घरातल्या कॅलेंडरवरची तारीख वाचता येते का, तेही तपासा. लाली आताच आहे, त्यामुळे नेत्रतज्ज्ञांना एकदा दाखवून घेणे आवश्यक आहे.

थेंब घालण्यापूर्वी हात धुवावेत, खालची पापणी हलकेच ओढून तयार होणाऱ्या खळग्यात एकच थेंब सोडावा आणि बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. दोन निरनिराळे थेंब असल्यास मध्ये ५ मिनिटे थांबावे. मलम नेहमी शेवटी. रात्री मलम घातल्यावर बोटाने पापणी पूर्ण मिटवावी आणि मगच कागदी चिकटपट्टी लावावी. अर्धवट उघड्या डोळ्यावर नुसता गॉजचा तुकडा ठेवू नका. पापणी आत उघडते, गॉज बुबुळावर घासत राहतो आणि बधिर डोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पंखा चेहऱ्यावर नको, शेकोटीचा धूर नको, आणि दिवसा बाजूने बंद असलेला चष्मा वापरावा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघींचे मनापासून आभार. फोन केला, आजच मुंबईला बोलावले आहे, डोळाही तेथेच दाखवू. कारने निघत आहोत. प्रवासात काय सांभाळावे?

उत्तर ३ : परिचारिका, न्यूरोसर्जरी विभाग

त्यांना मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसवा आणि तुम्ही उजवीकडे बसा, म्हणजे ऐकू येणारा कान तुमच्याकडे राहील. मिटत नसलेला डोळा मात्र खिडकीकडे येतो, म्हणून काच बंद ठेवावी, एसीची झडप दुसरीकडे वळवावी आणि थेंबांची बाटली हाताशी असू द्यावी. कसारा घाटातल्या वळणांवर चक्कर व उलटी होण्याचा संभव आहे, आणि उलटीच्या जोराने गळती वाढते. उलटीची गोळी द्यावी का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. उशी पाठीशी लावून टेकून बसवा, आडवे झोपवू नका.

तोलाविषयी एवढेच, की गळती थांबून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्यांना पलंगावर ठेवू नये. उजव्या कानातील तोलाचे अवयव व मेंदू मिळून डाव्या बाजूची उणीव हळूहळू भरून काढतात, पण त्यासाठी चालावे लागते. चक्करेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यास ते सावरणे लांबते. सुरुवात घरातच, कोणाचा तरी हात धरून करावी. रस्त्यावर मात्र एका कानाने हॉर्न कोणत्या दिशेने आला हे कळत नाही, त्यामुळे द्वारका चौकासारख्या ठिकाणी त्यांना एकटीने रस्ता ओलांडू देऊ नका.